११ महिन्यांच्या भाडेकराराला नुसती नोटरी चालते का? फ्लॅट घेण्याआधी हे वाचा

निमोणे, न्हावरे, शिरूरकडची मुलं नोकरीसाठी नगर रस्त्यानं पुण्यात येतात, तेव्हा पहिला मुक्काम बहुतेकदा वाघोली नाहीतर खराडीत पडतो. गावाकडं खोली घ्यायची तर अनेकदा शब्दावर भागतं. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला मात्र डिपॉझिट, करार, सोसायटी, पोलिस असं सगळंच मागं लागतं. त्यात एजंटचं एक वाक्य ठरलेलं: ‘अकराच महिने आहेत, नोटरी केली की झालं.’

महाराष्ट्रात तसं होत नाही.

११ महिने आले कुठून?

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला देशभर ११ महिन्यांची पद्धत पडली. पण आपल्याकडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ लागू आहे. मुदत कितीही असो, ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकांनाच हे माहीत नसतं!

खर्च किती?

भाडं २५,०००, परत मिळणारं डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने धरा. एकूण भाडं २ लाख ७५ हजार. त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि येणाऱ्या रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे सातशे-आठशे रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी एजंटची फी. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा लागतो, कार्यालयात जावं लागत नाही.

डिपॉझिटला मर्यादा आहे?

केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळं घासाघीस करावीच लागते. रक्कम बँकेतूनच द्या आणि करारात पूर्ण लिहून घ्या. ‘अर्धी कॅश’ म्हणणाऱ्याचा फ्लॅट सोडलेला बरा.

सोसायटी अडवू शकते?

आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, सोबत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. सोसायटी ना-भोगवटा शुल्क घेते, पण २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं आणि भरायचं मालकानं. एजंट ते हळूच तुमच्या भाड्यात घालतो, विचारून घ्या.

मुदत संपली तर?

इथं कायदा मालकाच्या बाजूचा आहे. मुदतीनंतर ताबा सोडला नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट भाड्याएवढी भरपाई द्यावी लागू शकते. राहायचं असेल तर दहाव्या महिन्यातच नव्या कराराचं बोला.