कॉलेजचा व्हरांडा कोणी खाल्ला?

नव्या कॉलेजच्या इमारतीचा विषय निघाला की संस्थाचालकांच्या तोंडी काही शब्द ठरलेले असतात : कॉर्पोरेट लुक, सेंट्रल एसी, नॅकचं मूल्यांकन. समोर निळी काच, आत चकचकीत टाइल्स, दारात कारंजं. आम्ही 'व्हरांडा कुठे आहे?' असं विचारलं, तर आमच्याकडे जुन्या वाड्याच्या आठवणीने गहिवरलेला म्हातारा म्हणून पाहिलं जातं.

त्यांची बाजू आधी नीट मांडू. जुनी कॉलेजं ऐसपैस झाली कारण तेव्हा जमीन स्वस्त होती आणि पैसा साहेबाचा होता. आज जागेचा भाव पाहता मोकळा व्हरांडा म्हणजे चैन. काच देखणी आणि पुसायला सोपी. शिवाय व्हरांडे म्हणजे टवाळक्यांचे अड्डे. पोरं वर्गात बसलेली बरी.

पैसा साहेबाचा होता, ही पहिलीच गोष्ट खोटी. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला, राजाबाई मनोरा आणि ग्रंथालयाला प्रेमचंद रायचंद यांनी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इमारतीला जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याचा हात लागला. वास्तुकार मात्र साहेब होता. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विद्यापीठाचे आराखडे लंडनमध्ये बसून काढले. मुंबईत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. शैली गॉथिक, म्हणजे थेट आयात केलेली. तरीही त्या इमारतींना कमानींच्या पडव्या आहेत, उघडे गोल जिने आहेत, भिंतींना कुर्ल्याचा दगड आहे. मुंबई न पाहिलेल्या माणसाला इथलं ऊन कळलं. आमच्या इथेच जन्मलेल्या आर्किटेक्टला ते कळत नाही, असं नाही. त्याला कोणी विचारत नाही.

आता काच. तालुक्याच्या गावातली कुठलीही नवी इमारत घ्या, पश्चिमेच्या अंगाची. दुपारी अडीचला काचेतून ऊन थेट बाकांवर येतं. पोरं बाकं ओढून आतल्या भिंतीला लावतात. मग काचेला काळी फिल्म चिकटते, फिल्म कमी पडते म्हणून पडदा येतो, पडद्याने अंधार होतो म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट लागते. खिडकी उघडत नाही, कारण ती उघडण्यासाठी केलेलीच नाही. एसीचं बिल पाहून कार्यालय तो फक्त सेमिनार हॉलपुरता चालू ठेवतं. उजेडासाठी घेतलेली काच अशी पैसे मोजून बंद करावी लागते. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे हीच इमारत उभी करणाऱ्याला वास्तुविशारद म्हणायचं की भट्टी लावणारा? लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना, पश्चिमेला जिने आणि स्वच्छतागृहं, खिडकीवर खोल छज्जा : गवंड्यालाही ठाऊक असलेल्या या गोष्टींना पैसे लागत नाहीत. नकाशा काढताना होकायंत्र पाहावं लागतं, एवढंच.

जागेचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण त्याची मुळं सरकारी कागदात आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमपुस्तिकेत वर्षानुवर्षं वर्ग ६६ चौरस मीटरचा, ट्यूटोरियलची खोली ३३ चौरस मीटरची अशी मापं दिलेली आढळतात. वर्ग, कार्यालयं, सोयीसुविधा असं सगळं मोजून झालं की त्यावर २५ टक्के जागा येण्याजाण्यासाठी धरायची. म्हणजे वर्ग हे शिक्षण, आणि वर्गाबाहेर जे काही आहे ती वाहतूक. तपासणी समिती टेप घेऊन येते आणि ६६ चौरस मीटर भरले का ते पाहते. दोन वर्गांच्या मधल्या बोळात माणूस दोन मिनिटं उभा राहू शकतो का, हे मोजायला रकाना नाही. साहजिकच आर्किटेक्ट आधी तिथली जागा कापतो. मग दोन्ही बाजूंना वर्ग आणि मधे दिवसाही अंधारलेली लांब बोळकांडी असा नमुना गावोगाव छापला जातो.

आमचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. तास संपल्यावर सरांना गाठून विचारलेली शंका, वाणिज्यच्या मुलाला विज्ञानाच्या मुलीने सांगितलेलं पुस्तक, नाटकाची तालीम, निवडणुकीची चर्चा आणि हो, टवाळकीसुद्धा. हे सगळं वर्गाबाहेरच घडतं. नुसतं व्याख्यान तर आता मोबाइलवरही मिळतं. मग विद्यार्थ्याने एसटीचा पास काढून कॉलेजात यायचं ते कशासाठी? ज्या मधल्या जागेसाठी तो येतो, तीच आम्ही कापून टाकतो आणि वर हजेरी कमी झाली म्हणून नोटिसा लावतो.

हे स्वप्नरंजन नाही. पुण्यात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था बांधली : काळ्या दगडाच्या भिंती, मधे आकाशाखाली मोकळं कुंड, आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. संशोधकाला एका खोलीतून दुसरीकडे जाताना अंगण लागतं. पुण्यातच जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी बंगळुरूच्या आयआयएममध्ये जाण्यायेण्याच्या वाटाच मुख्य केल्या. कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे वरून पर्गोल्यातून ऊन गाळून येतं; कडेला बसायला कट्टे. तिथे व्यवस्थापन शिकवतात, वेद नव्हे. तेव्हा हे जुन्या जगाचं कौतुक आहे असं कोणी म्हणू नये.

अहमदाबादच्या आयआयएमचं नाव काढलं की समोरचा लगेच म्हणेल, तिथे वास्तुकार लुई कान यांनी आखलेली वसतिगृहं मोडकळीला आली. खरं आहे. विटा झिजल्या, पाणी झिरपलं, २००१च्या भूकंपाचाही मार बसला. संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये त्यातली बहुतेक पाडण्याचं ठरवलं, जगभरातून ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला आणि २०२२ मध्ये पुन्हा बांधकामाची वाट धरली. पण त्याच आवारातलं विक्रम साराभाई ग्रंथालय मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने दुरुस्त केलं आणि त्याला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दुरुस्ती होते. ती करायची इच्छा आणि दरवर्षी त्यासाठी वेगळी रक्कम लागते, हा प्रश्न संस्थेच्या ताळेबंदाचा आहे, व्हरांड्याचा नव्हे.

जुन्याचं सगळंच सोनं, असंही आम्ही म्हणत नाही. त्या भव्य पायऱ्या चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला दारातच थांबवतात. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा झाल्यावरही कित्येक ठिकाणी उतार हा नावापुरता, पायरीवर टाकलेला सिमेंटचा डगर असतो. मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहं तर जुन्या नकाशांत शोधूनही सापडत नाहीत. हे बदलायलाच हवं. आणि दर्शनी भागावर फायबरच्या कमानी ठोकून 'हेरिटेज लुक' देणाऱ्यांशी आमचं काही नातं नाही. काचेचा मुखवटा काढून कमानीचा लावल्याने आतली बोळकांडी उजळत नाही.

तेव्हा तंत्रशिक्षण परिषदेने नियमपुस्तिकेत एक रकाना वाढवावा : सावलीतली, हवेशीर, बसण्याजोगी सामायिक जागा दर विद्यार्थ्यामागे किती, आणि ती वाहतुकीत धरू नये. तोवर पालकांनी आपलं काम करावं. प्रवेशासाठी कॉलेज पाहायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दुपारी एका वर्गातले दिवे-पंखे दहा मिनिटं बंद करायला सांगा. मग बाहेर येऊन मुलं कुठे उभी राहतात ते पाहा. फीचा धनादेश त्यानंतर लिहा.