तेलाचा हिशेब, चिखलाचा नाही

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल सापडले ते फेब्रुवारी १९७४ मध्ये. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून तेल किती निघाले याची चर्चा आपण हौसेने करीत आलो. परंतु विहीर खोदताना तेलाच्या आधी जो चिखल वर येतो, त्याचे पुढे काय होते, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

हा चिखल म्हणजे साधा राडा नव्हे. बेंटोनाइट माती, जड बराइट आणि पाणी किंवा तेल यांचे ते मिश्रण असते. ते खोदणाऱ्या पात्याला थंड ठेवते, खडकाचा चुरा वर आणते आणि आपल्या वजनाने भूगर्भातील तेलवायूचा दाब थोपवून धरते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. तळाशी भरलेल्या सिमेंटने दगा दिला होता आणि त्यातच विहिरीतील जड चिखल काढून हलके समुद्राचे पाणी भरले जात होते.

वर आलेला चिखल थरथरत्या चाळण्यांतून गाळतात, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत त्यातील बारीक कण वेगळे करतात आणि तोच पुन्हा विहिरीत सोडतात. कण राहिले तर खोदाई मंदावते, नळ अडकण्याची भीती वाढते. म्हणजे येथवरची स्वच्छता हा दानधर्म नसून ती धंद्याचीच गरज आहे.

खरा प्रश्न चाळणीवर उरलेल्या चुऱ्याचा आहे. तेलकट चुरा तापवून त्यातील तेल परत मिळविता येते, किंवा तो दळून भूगर्भातील खोल थरांत सोडता येतो. पण येथे खोदणाऱ्याचा खर्च वाढतो आणि लाभ दिसत नाही. म्हणूनच येथे कायदा हवा.

अथांग समुद्रात एवढ्याशा चुऱ्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. उत्तर समुद्रात असेच मानले गेले. तेथे टाकलेल्या तेलकट चुऱ्याचे ढीग तळाशी अद्याप पडून आहेत. अखेर २००० साली त्या भागातील देशांनी १ टक्क्याहून अधिक तेल असलेला असा चुरा समुद्रात टाकण्यास बंदी करण्याचे ठरविले. आपल्याकडेही २००५ च्या नियमांनी डिझेलमिश्रित चिखलास मनाई केली आणि जमिनीवरील विहिरींच्या चुऱ्यासाठी पाणी न झिरपणाऱ्या अस्तराचे खड्डे सांगितले.

नियम आहेत, ते कागदावरच राहू नयेत, हे पाहणे आपले काम आहे. प्रत्येक विहिरीमागे चुरा किती निघाला, त्यात तेल किती होते आणि तो कोठे गेला, हे कोळीवाड्यातील माणसालाही समजेल अशा मराठीत नियमितपणे जाहीर झाले पाहिजे. घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्यास आपण नावे ठेवतो. समुद्र तर आपणा सर्वांचेच अंगण आहे!