बेडकाची ढाल पोफळीला?

बालमित्रांनो, श्रीवर्धनला गेलात तर समुद्राइतक्याच सुपारीच्या वाड्याही बघा. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पण पावसाची झड लागली, की वाडीवाल्याचा जीव टांगणीला लागतो. का बरं? कोळेरोग! हिरव्या सुपारीवर ओलसर डाग पडतात, वर पांढरी बुरशी चढते आणि सुपाऱ्या टपाटप गळतात. वर्षाची मेहनत मातीत जाते.

यावर जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पावसाआधी घोसांवर फवारायचं, ४०-४५ दिवसांनी पुन्हा. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षांसाठी निघालेलं हे औषध अजून चालतं. पण त्यातलं तांबं मातीत साठत राहतं. मग दुसरं काही?

एक वाट चक्क बेडकाने दाखवली! अमेरिकेतल्या मायकेल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आलं, की टाके घातलेले बेडूक घाण पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. १९८७ साली त्यांना बेडकाच्या कातडीत जंतू आणि बुरशी रोखणारी पेप्टाइडं सापडली. त्यांना नाव दिलं मॅगेनिन. हिब्रू भाषेत 'मागेन' म्हणजे ढाल!

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी माळ. मॅगेनिनच्या माळेत मणी फक्त २३. माळेवर धन विद्युतभार असतो, जंतूच्या आवरणावर ऋण. माळ तिथे चिकटते, आवरणाला भोकं पाडते आणि जंतू मरतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला असा ऋणभार फार कमी, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात.

अशी माळ प्रयोगशाळेत एकेक मणी जोडून ओवता येते. ही युक्ती ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ साली दाखवली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. मणी बदलून नव्या माळाही करता येतात. २००० साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी अशाच एका नव्या माळेचं जनुक बटाट्यात घातलं. तो बटाटा फायटॉप्थोरा नावाच्या रोगजंतूला पुरून उरला. आपला कोळेरोग याच फायटॉप्थोराच्या भाऊबंदांमुळे होतो!

मग वाडीत ही माळ का नाही? ती महाग पडते आणि उघड्यावर लवकर मोडते. स्वस्त आणि टिकाऊ माळ ओवायचं काम अजून बाकी आहे. तोवर तुम्ही एक करा. वाडीत गळलेल्या सुपाऱ्या मोठ्यांबरोबर गोळा करून नष्ट करा, कारण रोग तिथूनच पसरतो. आणि ती माळ? कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी ओवेल!