पापणीवरची पुळी

गेल्या मळणीच्या दिवसांत एक शेतकरी गृहस्थ डोळ्यावर ओला रुमाल धरून आमच्याकडे आले. भाताचे कुसळ डोळ्यात गेल्यास आठ दिवस झाले होते. पापणी सुजली, तेव्हा ही रांजणवाडीच असे समजून त्यांनी दिवस काढले, व शेजाऱ्याकडचे जुने थेंबही घातले. आम्ही उजेडात पाहिले, तो काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका! त्याच दिवशी त्यांस नेत्रवैद्यांकडे धाडले. डोळा राहिला, परंतु त्या डोळ्यास आता अंधुकच दिसते.

म्हणून, वाचकहो, डोळ्यावरील कोणती पुळी घरी सोसावी व कोणतीसाठी तडक डॉक्टर गाठावा, हे आज सांगावेसे वाटते.

पहिली आपली नेहमीची रांजणवाडी. पापणीच्या कडेस, केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक ग्रंथींत जंतू शिरले म्हणजे ही लाल, ठणकणारी पुळी येते. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावे व मिटल्या डोळ्यावर 10 मिनिटे धरावे. दिवसातून 3-4 वेळा असे शेकल्यास ती बहुधा आठ-पंधरा दिवसांत बसते. ती पिळू मात्र नये; पू आत पसरतो. लवंग किंवा चिंचोका उगाळून लावण्याची चाल आपल्याकडे आहे. मायबहिणींनो, ती सोडावी हे बरे. लवंगेचा तिखट अंश डोळ्यात उतरला तर आग होते, आणि सहाणही निर्जंतुक नसते. पुळी बरी होईतो काजळ घालू नये, व पंचा एकमेकांचा वापरू नये.

दुसरी न दुखणारी, वाटाण्यासारखी घट्ट गाठ. पापणीच्या आतील तैलग्रंथीचे तोंड बुजल्याने ती होते. तीही शेकाने हळूहळू विरते, परंतु कित्येक आठवडे लागतात. महिनाभरात उतरली नाही तर डॉक्टरांस दाखवावी. जागा बधिर करून, पापणीच्या आतल्या बाजूने छेद देऊन ती काढता येते. त्यात भिण्याजोगे काही नाही. मात्र वडीलधाऱ्या माणसास त्याच जागी पुनःपुन्हा गाठ येऊ लागली, तेथील केस झडले किंवा व्रण पडला, तर एक दिवसही दवडू नये. तैलग्रंथीचा कर्करोग असाच साध्या गाठीचे सोंग घेऊन येतो. अशा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा लागतो.

तिसरा प्रकार पांढऱ्या बुबुळावरचा. नाकाच्या बाजूस पिवळसर उंचवटा दिसतो. ऊन, वारा व धूळ यांत जन्म काढणाऱ्यांस तो फार होतो. त्याने सहसा अपाय होत नाही. रुंद काठाची टोपी वापरावी म्हणजे झाले. परंतु मांसाचा पातळ पडदा काळ्या बुबुळावर सरकू लागला तर दृष्टी झाकण्यापूर्वीच दाखवावा.

आता तडक निघावयाच्या खुणा सांगतो. दिसणे कमी झाले, उजेड सोसेनासा झाला, डोळ्याच्या आत कळ येते, सूज सबंध पापणीवर व गालावर पसरली, ताप आला, डोळा फिरवताना दुखतो किंवा पुढे आल्यासारखा वाटतो, कुसळ, काडी वा खडा लागल्यानंतर बुबुळावर पांढरा ठिपका आला. यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डोळे तपासण्याची सोय असते.

आणि थेंबांविषयी. काही थेंबांत स्टेरॉईड असते. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून गुण आला असे वाटते. पण कुसळाबरोबर बुरशी आत गेली असेल तर ती त्याच औषधाने फोफावते. एकास दिलेली बाटली दुसऱ्याने वापरू नये.

त्या गृहस्थांस आम्ही विचारले, "इतके दिवस का थांबलात?" ते म्हणाले, "फादर, रास घरी येऊ दे म्हटलं." रास घरी आली. ती नीट पाहावयास मात्र त्यांस एकच डोळा उरला.