टेस्ला वाढले, गुडघा तोच

गुडघा दुखतो म्हटले की हल्ली घरचेच विचारतात, ‘तिथे तीन टेस्लाचे एमआरआय मशीन आहे का?’ चुंबकाची ताकद हा जाहिरातीचा आकडा झाला आहे. आकडा पोकळ नाही. १.५ वरून ३ टेस्लावर गेले की संकेताचे बळ साधारण दुप्पट होते. मनगटातली चिमुकली कूर्चा, बोटांचे अस्थिबंध तिथे खरोखर स्पष्ट दिसतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ७ टेस्लाच्या यंत्रालाही डोके आणि हातपाय तपासण्याची परवानगी दिली. मात्र चुंबकीय क्षेत्र दुप्पट केले की शरीरात शोषली जाणारी रेडिओऊर्जा सुमारे चौपट होते, आणि सांध्यात धातूचा स्क्रू असेल तर प्रतिमा जास्तच विस्कटते. अशा रुग्णाला बहुधा १.५च बरे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांचे गुडघे तपासले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये आले. ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात कसलाच त्रास नव्हता! तेही १.५ टेस्लावर. चुंबक तगडा झाला की असल्या निरुपद्रवी चिरा आणखी सापडणार, आणि अहवालातले ‘टिअर’ वाचून रुग्ण थेट शस्त्रक्रियेची तारीख मागणार. तेव्हा टेस्लाचा आकडा ठळक छापणाऱ्या केंद्रांनी, त्या वयात असे बदल किती सर्रास आढळतात, हेही अहवालात लिहावे. आणि गुडघा हाताने तपासल्याशिवाय एमआरआयची चिठ्ठी कोणी देऊ नये.