बेरीज दहा की बारा?

बऱ्हाणपूरच्या आमच्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही आहे, शके १५११ चा, फारुकी राजा आदिलशहाच्या वेळचा. "ऊट झालं का?" असं एका दमात विचारणाऱ्या तुमच्या घरांना अशा शेजाराचं नवल वाटणार नाही. संगणकाच्या वर्गात मात्र दोन भाषांचा शेजार मुलांची झोप उडवतो.

सी भाषेत लिहिता लिहिता मध्येच चार ओळी असेंब्लीच्या, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीतल्या, घालता येतात. गंमत अशी की जीसीसीसारखा कंपायलर त्या ओळींचा अर्थ लावतच नाही. मोकळ्या जागी रजिस्टरांची नावं भरतो आणि मजकूर तसाच पुढे देतो. त्याची सारी भिस्त सोबतच्या चिठ्ठीवर. उत्तर कुठे येणार, हे तीत खुणेने सांगायचं. '=' म्हणजे इथे फक्त लिहिणार, जुनं मूल्य गेलं तरी चालेल. '+' म्हणजे आधी वाचणार आणि लिहिणारही.

खरी मेख '=' मध्ये आहे. येणारी सगळी मूल्यं वापरून झाल्यावरच उत्तर लिहिलं जाईल, असं कंपायलर धरून चालतो. म्हणून काटकसरीने तो उत्तराला एखाद्या येणाऱ्या मूल्याचंच रजिस्टर देऊ शकतो. डाळ संपली की त्याच डब्यात लाडू, तसं. आता ५ आणि ७ ची बेरीज घ्या. पहिली ओळ: ५ उत्तराच्या जागी ठेव. दुसरी: त्यात दुसरी संख्या मिळव. उत्तराला ७ चंच रजिस्टर मिळालं असेल, तर पहिल्याच ओळीत ७ पुसले जातात आणि बेरीज येते १०! ना चूक दाखवली जाते, ना इशारा. वेगळं रजिस्टर मिळालं तर १२ येतात आणि प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. मग कंपायलरची आवृत्ती बदलली की त्याच ओळी १० सांगू लागतात. मुलं बिचारी बेरीज तपासत बसतात, दोष चिठ्ठीत असतो.

उपाय एका खुणेचा: '=&'. उत्तर लवकर लिहिलं जाणार आहे, ते कुठल्याही येणाऱ्या मूल्याच्या जागी बसवू नकोस.

परीक्षेत मी '&' नसलेला हाच प्रोग्रॅम देतो आणि उत्तर विचारतो. १० लिहिणाऱ्याला अर्धे गुण, १२ लिहिणाऱ्यालाही अर्धेच. "सांगता येत नाही" असं लिहून कारण देईल, त्याला पूर्ण.