तुळस टॉवरने सुकत नाही, महाराज



गळा बसला आणि मी गादी सोडली, त्याला तीन वर्षे झाली. आता सप्ताहात मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो. बोलणे बंद झाले की ऐकणे वाढते, आणि ऐकलेले रात्री झोपू देत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या पौषात शेजारच्या गावी सप्ताह होता. चौथ्या दिवसाचे कीर्तन एका तरुण महाराजांचे. चाल गोड, पाठांतर चोख, चरण सोडवण्याची हातोटी अशी की मला माझे जुने दिवस आठवले. आणि मध्येच त्यांनी फाइव्ह-जीचा विषय काढला. म्हणाले, हा टॉवर जिथे उभा राहतो तिथे अंगणातली तुळस सुकते. जिथे तुळस टिकत नाही तिथे माणूस काय टिकणार! मोबाइल काढून पुढे बसलेल्या बायकांना वाळक्या तुळशीचा फोटो दाखवला. मांडवात गजर झाला. दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या हातात अर्ज पडला, गावात टॉवर नको म्हणून. खाली सह्या आणि अंगठे, पान भरून.

माउली, पौषात तुळस सुकतेच. मंजिऱ्या धरून झाल्या, थंडी पडली, की पाने गळतात. मुळाशी पाणी तुंबले तरी ती जाते. हे त्या मांडवातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होते. चाळीस चाळीस वर्षे तुळशीला पाणी घातलेल्या बायका त्या! पण गादीवरून शब्द आला की माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे वाटू लागते.

आपल्या कीर्तनाचा दंडक असा की बोललेल्या प्रत्येक गोष्टीला संतांचे प्रमाण द्यावे लागते. प्रमाण चुकले तर मागचा टाळकरीसुद्धा मान हलवतो. आळंदीला चार वर्षे माधुकरी मागून मी हेच शिकलो. मग परमार्थाच्या शब्दाला प्रमाण हवे आणि लोकांच्या जिवाशी संबंध असलेल्या शब्दाला नको, हा नवा संप्रदाय कुणी काढला? मोबाइलवर आलेला संदेश हे प्रमाण नव्हे. तो प्रत्यक्ष नाही, अनुमान नाही, आणि पाठवणाऱ्याचे नावच माहीत नाही तर आप्तवाक्य तरी कसा होईल?

त्या महाराजांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र मला नाही. कसा ते सांगतो, मग पुढे वाचायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

२०२१ चा वैशाख आठवा. देवळांना कुलपे, सप्ताह बंद, रोज कुणी तरी गेल्याची बातमी. अक्षय तृतीयेला, १४ मे रोजी, मी घरातच कीर्तन केले. ना टाळकरी, ना पखवाज. नातवाने ते मोबाइलवर घेतले आणि सगळीकडे पाठवले. त्यात मी बोललो की ही माणसे रोगाने नव्हे, हवेत सोडलेल्या फाइव्ह-जीच्या लहरींनी मरत आहेत. कुठे वाचले होते? मोबाइलवर. कुणी पाठवले होते? आठवत नाही. ज्या लहरींच्या पाठीवर बसून माझे कीर्तन गावोगाव गेले त्यांनाच मी शिव्या देत होतो, आणि हे माझ्या ध्यानातही आले नाही.

त्याच्या चारच दिवस आधी, १० मे रोजी, केंद्राच्या दूरसंचार खात्याने जाहीर केले होते की कोरोनाचा आणि फाइव्ह-जीचा काही संबंध नाही, आणि देशात त्याची चाचणीसुद्धा अजून कुठे सुरू झालेली नाही. आपल्याकडे फाइव्ह-जी सुरू झाले ते १ ऑक्टोबर २०२२ ला. वंध्यापुत्राचा दृष्टांत मी आयुष्यभर शेकडो वेळा दिला असेन. त्या दिवशी मी वंध्यापुत्राच्या हातून माणसे मारवली.

पुढच्या वर्षी आमच्या वाडीत टॉवरची जागा पाहायला माणसे आली. तो टॉवर फाइव्ह-जीचा नव्हताच, साध्या फोर-जीचा होता. लोकांनी त्यांना ओढ्यापलीकडूनच परत पाठवले. कारण सांगितले: महाराजांनी सांगून ठेवले आहे. मला कुणी विचारले नाही. विचारले असते तरी मी होच म्हटले असते.

आमची वाडी डोंगराच्या खोबणीत. फोन लागायचा तर खिंडीपर्यंत चढावे लागते. त्याच भाद्रपदात, भर पावसाच्या रात्री, गोठ्यात गेलेल्या माझ्या एका टाळकऱ्याला घोणस चावली. वीस वर्षे तो माझ्या मागे उभा राहिलेला. पोरगा खिंडीत पोहोचून १०८ ला फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. जीव वाचला, मूत्रपिंडे गेली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाऊण तास आधी औषध मिळाले असते तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. समोर आलो की अजून वाकून पाया पडतो. मी पाय मागे घेतो.

तेव्हापासून मी या विषयाचे जे मिळेल ते वाचून घेतले. नातू अभियांत्रिकीचा, त्याच्याकडून समजून घेतले. समजले तेवढे सांगतो.

लहर म्हणजे कंप. पखवाजाच्या डाव्या अंगाला आपण कणीक लावतो, त्याचा घुमारा रात्री ओढ्यापलीकडे ऐकू जातो. टाळांची किणकिण मांडवाबाहेर गेली की विरते. कंप जितका जलद तितका पल्ला कमी. मोबाइलच्या लहरींचेही साधारण तसेच. ७०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते, भिंतीतून आत शिरते. ३३०० ची मध्यम. आणि २६ गिगाहर्ट्झची काही शे मीटरांत दमते, झाडाच्या पानांनीसुद्धा अडते. म्हणून या शेवटच्या प्रकाराला शहरात जवळजवळ लहान यंत्रे लावावी लागतात. ती पाहून लोक घाबरतात. पण जवळच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत नाही. त्या यंत्रांची ताकदही कमीच असते.

आणि जलद कंप म्हणजे घात, असे असते तर देवापुढची समई आधी विझवावी लागेल. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा लाखाहून अधिक पट जलद थरथरतो. शरीराच्या आतली वीण तोडणारे किरण प्रकाशाच्याही पलीकडे, अतिनील आणि क्ष-किरणांत असतात. टॉवर समईच्या अलीकडे आहे. त्याच्या लहरींचा पक्का ठरलेला परिणाम एकच: फार तीव्र झाल्या तर अंग तापवतात. म्हणून तीव्रतेला मर्यादा घालतात. आपल्या देशाने १ सप्टेंबर २०१२ पासून ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

कुणी म्हणेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेच २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटले आहे. खरे आहे. त्याच रांगेत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. त्या रांगेचा अर्थ एवढाच की पुरावा थोडा आहे, पुरेसा नाही, शोध चालू ठेवा. तेव्हा शंका घेणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. शंका विचारायचीही एक रीत असते, इतकेच. एक नामवंत अभिनेत्री २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सरकारकडे आधी विचारणा न करता थेट दावा लावला. जूनमध्ये तो फेटाळला गेला आणि वर वीस लाखांचा भुर्दंड बसला. पुढे तो दोन लाखांवर आला. प्रश्न तिथेच राहिला आणि चर्चा भुर्दंडाची झाली.

भीतीची रीत त्याहून वाईट. २०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये लोकांनी टॉवर जाळले, कोरोना तिथूनच येतो म्हणून. बर्मिंगहॅमला कोरोनासाठी तात्पुरते रुग्णालय उभारले होते, त्याला सेवा देणारा टॉवरही जाळला. आत एकटे पडलेले रुग्ण घरच्यांशी फोनवरच बोलू शकत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर आपण फार तर कावळ्याला दोष देतो. इथे झाडच पेटवले!

उलट बाजूलाही भोंदू आहेत, त्यांना सोडायचे कारण नाही. टॉवर आला की वैकुंठ आले, असे सांगणारे. दिल्लीतला शल्यवैद्य आपल्या तालुक्यातल्या रोग्यावर दुरून शस्त्रक्रिया करील म्हणतात. तालुक्याला साधा भूल देणारा डॉक्टर मिळत नाही, ते आधी बघा की! सिनेमा किती सेकंदांत उतरतो, हे आम्हाला काय करायचे?

आमच्या कामाची आशा वेगळी आहे, आणि ती वारीतच कळते. वाखरीच्या तळावर संध्याकाळी फोन लावून पाहिला आहे ना? सिग्नलच्या काड्या सगळ्या दिसतात आणि फोन लागत नाही. कारण एका टॉवरच्या वाट्याला लहरींचा ठरावीक पट्टा असतो, तो तिथल्या सगळ्या फोनांत वाटला जातो. दर्शनबारी एक आणि माणसे लाखो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फाइव्ह-जीसाठी जे मापदंड घातले त्यात एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे सांभाळण्याचा एक आहे. ती मुख्यतः लहान लहान यंत्रे धरून केलेली गणती आहे, बोलणारी माणसे धरून नव्हे, हे नातवाने मला दोनदा बजावले. चंद्रभागेच्या वाळवंटात काय होते ते आषाढीला दिसेल. पण दिंडी चुकलेली, गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर लागत नाही म्हणून ध्वनिक्षेपकाखाली रात्रभर बसून राहिलेली म्हातारी मी पाहिली आहे. तिच्यासाठी मला हे तंत्र हवे आहे.

आता भांडायचे तर कशासाठी ते बघा. २०२२ च्या जुलैअखेरीस फाइव्ह-जीच्या लहरींचा लिलाव झाला, बोली सुमारे दीड लाख कोटी रुपयांपर्यंत गेली. त्याच आठवड्यात, २७ जुलैला, केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० गावांत फोर-जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली. म्हणजे एकीकडे पाचव्या पिढीची बोली लागत होती आणि दुसरीकडे हजारो गावांना चौथीही मिळालेली नव्हती. लिलावात पैसा ओतणारा आधी कुठे जाणार? जिथे गिऱ्हाईक दाट तिथे. डोंगरातल्या चाळीस घरांसाठी तो स्वतःहून येत नाही, आणि एकदा आला तर आपण त्याला तुळशीचा फोटो दाखवून परत पाठवतो!

लहरींना घाबरण्यापेक्षा ग्रामसभेत विचारा: टॉवर कुठे, किती उंच, वीज गेली तर किती तास चालणार, जागेचे भाडे ग्रामपंचायतीला किती, लहरींची तपासणी केल्याचा दाखला कुठे आहे. दूरसंचार खात्याचे ‘तरंग संचार’ नावाचे संकेतस्थळ २०१७ पासून आहे. टॉवर नियमात बसतो की नाही ते तिथे पाहता येते, शुल्क भरून मोजणीही मागवता येते. एवढे करून नियम मोडलेला आढळला तर मीही मोर्चात पुढे चालेन, गुडघे साथ देतील तिथपर्यंत.

नेट आले की पोरे बिघडतात, रिंगणात अश्व धावताना माणसे हात जोडायचे सोडून मोबाइल वर धरतात, ही तक्रार माझीही आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन. ते दुखणे टॉवर अडवून जायचे नाही.

त्या तरुण महाराजांना मी पत्र लिहिले आहे, उत्तर अजून नाही. रागावले असतील. त्यांच्या वयात मीही रागावलो असतो.

येत्या माघात आमच्या वाडीचा सप्ताह आहे. कीर्तनापूर्वी मला पंधरा मिनिटे द्या, असे मी मंडळींना सांगितले आहे. २०२१ ला जे बोललो ते चुकीचे होते, हे त्याच लोकांसमोर सांगायचे आहे. देवळामागच्या गायरानात टॉवरला जागा देण्यासाठी ग्रामसभाही त्याच दिवशी ठेवली आहे. टाळकऱ्याचे डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असते, म्हणून बुधवार धरला आहे.